दुखतंय म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन झाला आणि आपल्या पेपरात त्याची बातमी आली. वर्षातून एकदा का होईना आमच्या घरातल्या आजाराचं नाव छापून आलं म्हणून बरं वाटलं. पण त्या बातमीत एक वाक्य होतं ते दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसले. वाक्य असं होतं की हा आजार मूळचा आफ्रिकन वंशाच्या लोकांचा आहे आणि आपल्याकडे तो आदिवासी आणि मागास समाजात अज्ञानामुळे पसरतो. ज्यांनी लिहिलं त्यांचा हेतू वाईट नसणार, मला माहीत आहे. पण हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून आयुष्यभर ऐकत आले आणि त्याने आमच्या घराचं काय झालं ते सांगायलाच पाहिजे.

मी नागपुरात लॅब टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली रक्तच बघते. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. माझा सख्खा धाकटा भाऊ एसएस पॅटर्नचा पेशंट आहे, म्हणजे त्याला हा जीन दोघांकडून आला, मी स्वतः एएस म्हणजे वाहक, मला एकाच बाजूने आला. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, धानाचा पट्टा.

आधी रक्ताचं सांगते कारण ते मी रोज डोळ्यांनी बघते. बोटातून घेतलेला थेंब स्लाइडवर ठेवायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं ताजं केलेलं द्रावण मिसळायचं, वर कव्हरस्लिप ठेवून कडा बंद करायच्या म्हणजे आत हवा जाणार नाही. मग थांबायचं. ऑक्सिजन कमी होत जातो तशा गोल गुबगुबीत पेशी हळूहळू लांबट व्हायला लागतात, दोन्हीकडे टोकं निघतात, आणि अर्ध्या एक तासात काही पेशी हुबेहूब विळ्यासारख्या, आमच्याकडे इळा म्हणतात, धान कापायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मायक्रोस्कोपवरून उठले आणि बाहेर जाऊन उभी राहिले कारण हेच माझ्या भावाच्या अंगात चालू असतं हे तेव्हा समजलं. अशा पेशी बारीक नळ्यांमधे अडकतात, मागचं रक्त तुंबतं, पुढच्या हाडाला रक्तच पोचत नाही, त्याला क्रायसिस म्हणतात. ज्यांना होतो ते सांगतात की हाड आतून कुणीतरी ठोकून राहिलं. आणि बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, ताप असला तर असला. माणूस नुसता ओरडतो.

त्या बातमीतलं पहिलं अर्धं, आफ्रिकन वंशाचं. हा जीन वंशाचा नाही, मलेरियाचा आहे. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रोटीनच्या एका साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो ॲसिड बदललेलं असतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन, बस एवढंच. ज्याच्याकडे हा जीन एकाच बाजूने आला त्याला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे १९५४ सालीच ॲलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं. म्हणून जिथे जिथे पिढ्यान पिढ्या मलेरिया होता तिथे हा जीन टिकला, आफ्रिकेत टिकला, ग्रीसमधे टिकला, सौदी अरेबियात टिकला आणि आपल्या जंगलपट्ट्यातही टिकला. भारतात तो १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमधे सापडला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, नंदुरबार, पालघर, महाराष्ट्राचा मलेरियाचा जुना नकाशा काढा आणि सिकलसेलचा त्याच्यावर ठेवा, बहुतेक जागी तेच ठिपके दिसतील. डासाने माणसाची कातडी बघितली नाही, जातही बघितली नाही.

मग तो "काळ्यांचा आजार" कसा झाला? १९१० साली शिकागोत डॉक्टर हेरिक यांनी पहिल्यांदा या विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं, पेशंट होता ग्रेनाडा बेटावरून दाताचा डॉक्टर व्हायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे अमेरिकेत बहुतेक पेशंट गुलामगिरीत आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांचे वंशज, म्हणून आजाराला रंगच चिकटला. आणि एकदा रंग चिकटला की त्या आजाराचं सगळं त्या रंगाच्या भावाने होतं, संशोधनाचा पैसा, औषध आणि इमर्जन्सीमधे किती वेळ बसायचं ते सुद्धा.

माझी मावसबहीण अकरा वर्षं झाली अमेरिकेत नर्स आहे, जॉर्जिया राज्यात. ती इमर्जन्सी विभागात कामाला लागली त्या पहिल्या वर्षी रात्री फोन करून रडली होती. म्हणाली ताई, इथे एक पोरगा येतो, वीस बावीस वर्षांचा, कृष्णवर्णीय, सिकलसेल, काठी घेऊन चालतो कारण खुबा गेलाय, तो येऊन सांगतो की मला अमुक औषध अमुक डोसमधे लागतं, त्याला ते माहीत असणारच ना, जन्मापासून तेच चालू आहे, आणि जितकं तो नीट सांगतो तितका इथल्या लोकांना त्याचा संशय येतो. नशेसाठी आला म्हणतात. ताई, मला आपला बाबू आठवला ग. बाबू म्हणजे माझा भाऊ, घरात त्याला सगळे बाबूच म्हणतात.

ही एकट्या तिची गोष्ट असती तर मी इथे लिहिली नसती. अमेरिकेतच २०१३ साली एक अभ्यास छापून आला, त्यात इमर्जन्सीमधे सिकलसेलच्या पेशंटला डॉक्टर भेटेपर्यंत इतर पेशंटपेक्षा पंचवीस टक्के जास्त वेळ थांबावं लागलं, आणि हातपायाचं मोठं हाड मोडून आलेल्यांपेक्षा पन्नास टक्के जास्त. मोडलेलं हाड एक्सरेमधे दिसतं, हे दिसत नाही. तिथले तज्ज्ञ म्हणतात की क्रायसिसमधे एका तासाच्या आत दुखण्याचं औषध मिळालं पाहिजे. २०१६ साली आणखी एक अभ्यास आला, त्यात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधानं दिली, जसं की काळ्या माणसाची कातडी गोऱ्यापेक्षा जाड असते, आणि निम्म्या लोकांनी अशी एक तरी खोटी गोष्ट खरी धरली. आणि ज्यांनी धरली त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी मोजलं. हे डॉक्टर होणारे लोक आहेत, अडाणी नाहीत. मग अज्ञान नेमकं कुणाचं हा प्रश्न मी आपल्या बातमीला विचारते.

आता बाबूचं. १९९८ चा जुलै, तो चौदा वर्षांचा, आमच्याकडे रोवणी चालू होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रोवणी म्हणजे धानाची लावणी, दिवसभर गुडघाभर चिखलात आणि थंड पाण्यात वाकून उभं राहायचं, वरून पाऊस. सिकलसेलवाल्याला थंडी, भिजणं, थकवा, पाणी कमी पिणं हे सगळं क्रायसिस आणणारं. पण शाळेला सुट्टी घालून पोरं रोवणीला जायचीच, घरात पैसा यायचा तो त्याच महिन्यात. त्या रात्री अकरा वाजता त्याचे पाय धरले, मग पाठ, मग छाती. बाबा आणि शेजारचे काका त्याला मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन गेले, मी मागून दुसऱ्या गाडीवर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, कुठे काही दिसेना. कोणत्या मोहल्ल्यातले विचारलं. बाबांनी सांगितलं. मग ते म्हणाले, काऊन एवढा ओरडून राहिला, नाटकं करते, तुमच्या लोकांना सुई घ्यायची सवयच असते. एक इंजेक्शन दिलं, घरी जा म्हणाले. सलाईन नाही, भरती नाही, रक्त तपासणी नाही. सकाळपर्यंत त्याने ओरडणं बंद केलं होतं, बरं वाटलं म्हणून नाही, थकून. आई त्याच्या पायाला गरम विटकर फडक्यात बांधून शेकत बसली होती आणि तिच्या हाताला फोड आलेले मला दुसऱ्या दिवशी दिसले.

त्या डॉक्टरांचं नाव मला माहीत आहे पण ते लिहून काय होणार, ते एकटे नव्हते. पुढच्या वीस वर्षांत दहा ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत तेच ऐकलं. सभ्य शब्दांत सुद्धा ऐकलं.

बाबूचा उजवा खुबा तिशीनंतर हळूहळू गेला. रक्त न मिळाल्यामुळे हाडाचं डोकं मरतं, एव्हीएन म्हणतात, सिकलसेलमधे हे भरपूर होतं. आता तो काठीवर आहे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते इथून पुढे, म्हणून जरा लांबलं तरी छापा ही विनंती.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात सात प्रकारांचे एकवीस झाले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार त्यात आले. आम्ही घरी पेढे वाटले होते खरंच. मग प्रमाणपत्रासाठी गेलो. तिथे बोर्डासमोर विचारलं की गेल्या वर्षात किती वेळा भरती होता, कागद दाखवा, डिस्चार्ज कार्ड दाखवा. तेव्हा खुबा पूर्ण गेला नव्हता, दिसायला तो चांगला दिसायचा. आणि भरतीचे कागद आमच्याकडे दोनच. कारण दहा वेळा नेलं तर आठ वेळा इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ज्या रात्री त्याच्यावर विश्वास ठेवला नाही त्या रात्रीचा कागदच तयार झाला नाही, आणि कागद नाही म्हणून अपंगत्वाचे टक्के बसले नाहीत. चाळीसच्या खाली राहिला. चाळीस नसले की पुढचं काहीच नाही. म्हणजे दुखणं झालं, भोगलं, पण सरकारदरबारी ते घडलंच नाही.

मी हे मावसबहिणीला सांगितलं तर ती म्हणाली ताई इकडेही अगदी असंच आहे. मग तिने मला अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा नियम वाचून दाखवला. दिव्यांग म्हणून पेन्शन पाहिजे असेल तर सिकलसेलच्या पेशंटसाठी एक अट अशी की बारा महिन्यांत निदान सहा क्रायसिस असे पाहिजेत की ज्यात शिरेतून किंवा स्नायूत मॉर्फिनच्या जातीचं औषध द्यावं लागलं, आणि त्याची नोंद पाहिजे. पात्र व्हायचे दुसरे रस्ते पण आहेत. आता बघा, ज्या पोराला नशेडी समजून ते औषधच दिलं नाही, गोळी देऊन परत पाठवलं, त्याचा क्रायसिस मोजला जाणार का? नाही. रंगामुळे औषध नाही, औषध नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून दिव्यांग नाही, पेन्शन नाही, घरभाडं थकलं, थंडीत राहिला, पुन्हा क्रायसिस. भंडारा जिल्हा कुठे आणि जॉर्जिया कुठे, आणि गाठ तीच.

लोक म्हणतात वंशाचा भेदभाव वेगळा विषय आणि अपंगत्व वेगळा, दोन्हीसाठी दोन खाती आहेत, दोन योजना आहेत. कागदावर असतील. माणसाच्या अंगात ती वेगळी नसतात हो. बाबू खुर्चीवर बसला की त्याचं आडनाव विचारतात आणि उभा राहिला की त्याची काठी बघतात, पण तो एकच माणूस आहे ना. आणि इथे तर एक दुसऱ्याला जन्म देतं. एसएसच्या लहान मुलांना पक्षाघात होऊ शकतो, डोक्याची एक साधी सोनोग्राफी असते, डॉपलर, त्यात धोका आधी कळतो आणि मग नियमित रक्त देऊन पक्षाघात नव्वद टक्क्यांवर टाळता येतो, हे १९९८ सालीच सिद्ध झालं आहे. तरी अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२२ साली सांगितलं की निम्म्याहून कमी मुलांची ही तपासणी होते. अमेरिकेत, जिथे मशीन आहे, डॉक्टर आहे, पैसा आहे. म्हणजे उरलेल्यांमधली काही पोरं हात लुळा घेऊन, शाळेत मागे पडून मोठी होतात, आणि मग त्यांना आपण दिव्यांग म्हणतो, जसं काही ते जन्मतःच तसे होते.

अमेरिकेत सिकलसेलचे साधारण एक लाख पेशंट आहेत. तिथेच सिस्टिक फायब्रोसिस नावाचा दुसरा आनुवंशिक आजार आहे, तो मुख्यतः गोऱ्यांमधे, पेशंट सिकलसेलपेक्षा निम्म्याहूनही कमी. पण डोक्यामागे संशोधनाचा सरकारी पैसा त्या आजाराला सिकलसेलच्या तिप्पट, आणि खाजगी देणग्यांचा फरक तर विचारूच नका. त्या पोरांना मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांच्या आयांचं पण काळीज तेच. पण सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया हे पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९८ मधे, आणि दुसरं यायला २०१७ उजाडलं. एकोणीस वर्षं काहीच नाही. आता २०२३ च्या डिसेंबरमधे जीन एडिटिंगचा इलाज मंजूर झाला, बावीस लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा कोटींच्या वर. बाबूने ती बातमी मोबाईलवर वाचली आणि मोबाईल उलटा ठेवून दिला. बोलला काही नाही.

एक गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते आणि ती आपल्या वाचकांना माहीत असावी. अमेरिकेत सिकलसेलकडे सरकारचं लक्ष पहिल्यांदा नीट गेलं ते १९७१-७२ साली, आणि त्यात ब्लॅक पँथर पार्टी या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचा मोठा हात. त्यांनी १९७१ पासून वस्त्यांमधे स्वतः टेबल लावून हजारो लोकांची बोटं टोचून सिकलसेल तपासणी केली, फुकट. १९७२ मधे तिथे सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला. आणि १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दिव्यांग लोकांनी आपल्या हक्कासाठी सरकारी इमारतीत जवळजवळ चार आठवडे ठिय्या दिला तेव्हा आत बसलेल्यांना रोज गरम जेवण नेऊन देणारे कोण, तर हेच ब्लॅक पँथर, कारण त्यांचा एक कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स, व्हीलचेअरवर असलेला, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराचा पेशंट, त्या ठिय्यात बसला होता. काळा पण आणि दिव्यांग पण, म्हणून त्याला दोन्ही लढे एकच दिसले असतील. आणि त्याच पँथरचं नाव घेऊन १९७२ सालीच आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आमच्या बाबांच्या पेटीत त्या काळातलं एक पत्रक अजून आहे, घडीवर फाटलेलं. पण त्यांनी तिकडे रक्ताचं टेबल लावलं होतं हे बाबांना कधी कुणी सांगितलं नाही, मलाही चाळिशीत कळलं. आधी कळलं असतं तर १९९८ च्या त्या रात्री आम्ही मान खाली घालून परत आलो नसतो असं वाटतं मला.

त्या काळात तिथे जे चुकलं ते पण आपण बघितलं पाहिजे कारण आपल्याकडे आता तेच होऊन राहिलं. तपासणी झाली पण समजावलं नाही, वाहक आणि पेशंट यातला फरक लोकांना कळला नाही, नुसत्या वाहकांना नोकऱ्या नाकारल्या, विमा नाकारला, अमेरिकेच्या वायुदलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. आपल्याकडे शिबिरात जी सोल्युबिलिटी टेस्ट करतात ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस एएस आहे की एसएस ते त्यात कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. लॅबमधे मी हे रोज बघते, पुढची टेस्ट करायला निम्मे लोक येतच नाहीत कारण मजुरी बुडते, आणि गावात मात्र चर्चा होते की अमक्याच्या पोरीला सिकल निघालं. वाहक पोरीला काही आजार नसतो. माझ्याकडे बघा, मी पन्नाशीला आले, दोन बाळंतपणं झाली. पण माझं लग्न दोनदा मोडलं होतं सिकलसेल तपासणीच्या या एका कार्डावरून, आणि मुलाकडच्यांनी स्वतःच्या मुलाची तपासणी करायला दोन्ही वेळा नकार दिला.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. चांगलं आहे, मी स्वतः त्या कामात राबते, दिवसाला शंभर शंभर सॅम्पल. पण बाबूने तो बॅनर वाचला आणि मला विचारलं, ताई, निर्मूलन म्हणजे आमचं का? मी त्याला समजावलं की नाही रे, लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं आणि दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करायचं टाळावं, म्हणजे पुढच्या पिढीत हा आजार येणार नाही, असं आहे ते. पण त्याचा प्रश्न बरोबर आहे. पुढची पोरं एसएस जन्मू नयेत म्हणून जेवढा जोर आहे तेवढा आज जे एसएस आहेत त्यांना क्रायसिसमधे एका तासात औषध मिळावं यासाठी आहे का? हायड्रॉक्सीयुरिया तालुक्याला बाराही महिने मिळतं का? आमच्याकडे तीन महिने मिळतं, एक महिना स्टॉक नाही. हे औषध मधे थांबवायचं नसतं.

आणखी एक वाक्य फार ऐकू येतं, भारतातला सिकलसेल सौम्य असतो. काही प्रांतांत काही पेशंटमधे आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं म्हणून त्रास कमी असतो, ते खरं आहे. पण नागपूरच्याच बालरोगतज्ज्ञांनी विदर्भातल्या पोरांचा अभ्यास करून दाखवलं आहे की इथे तो अजिबात सौम्य नाही. तरी ते वाक्य चालूच. तिकडे कातडी जाड म्हणतात, इकडे आजार सौम्य म्हणतात.

कोविडमधली एक गोष्ट सांगते. २०२० च्या जूनमधे टेक्ससच्या ऑस्टिन शहरात ४६ वर्षांचा एक कृष्णवर्णीय माणूस, मेंदूला इजा होऊन हातपाय लुळे पडलेला, पाच मुलांचा बाप, कोविड आणि न्यूमोनियाने दवाखान्यात होता. डॉक्टर त्याच्या बायकोला सांगतात की याच्या जगण्याचा दर्जा तसाही फारसा नाही, ती विचारते की लुळा आहे म्हणून का, आणि डॉक्टर हो म्हणतात. तिने ते रेकॉर्ड केलं होतं. इलाज थांबवला, काही दिवसांत तो गेला. दवाखान्याने नंतर सांगितलं की आजारच हाताबाहेर गेला होता, दिव्यांग म्हणून निर्णय घेतला नाही. मला त्या बायकोचं वाटतं. तिला कधीच कळणार नाही की नवऱ्याचं नेमकं काय बघून ठरवलं, रंग की पाय. त्याच वर्षी असंही समोर आलं की बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर काळ्या कातडीवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असूनही मशीन ठीक दाखवतं असं काळ्या पेशंटमधे गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा झालं. मी तेव्हापासून सावळ्या पेशंटचं ऑक्सिमीटर ९२-९३ दाखवत असलं आणि त्याला दम लागत असला तर डॉक्टरांना बोलवतेच, ते रागावले तरी. सिकलसेलमधे ऑक्सिजन उतरला की काय होतं ते मी स्लाइडवर बघितलं आहे.

वंश आणि जात एकच नाहीत, मला कळतं, कुणी त्यावरून वाद घालू नये. आमच्या बाजूच्या मोहल्ल्यातला गोंड पोरगा आणि जॉर्जियाचा तो काठीवाला पोरगा यांचा इतिहास वेगळा. पण दवाखान्याच्या बाकावर दोघं सारखेच बसतात.

आपल्या पेपरला माझं एवढंच मागणं आहे. जिल्ह्याच्या पानावर रक्तसाठा आणि डेंग्यूचे आकडे देता तसं हायड्रॉक्सीयुरिया कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे आणि कुठे संपलं ते महिन्यातून एकदा छापा, बातमीदाराला दोन फोनचं काम आहे. सिकलसेलच्या पेशंटला एसटीत मोफत प्रवास आहे, ते कंडक्टरला आणि पेशंटला दोघांनाही माहीत नसतं, ते छापा. प्रमाणपत्रासाठी नेलं आणि चाळीसच्या खाली बसवलं तर फेरतपासणीला अपील करता येतं, ते छापा. दिव्यांगांच्या चार टक्के सरकारी नोकरी आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत, शिक्षणात आहेत पण नोकरीत नाहीत, यावर एखाद्या आमदाराला विचारा आणि उत्तर छापा. आणि पुढच्या १९ जूनला अज्ञान हा शब्द आमच्यासाठी वापरू नका. १९ जून अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा मुक्तिदिन पण असतो, १८६५ साली टेक्ससमधल्या गुलामांना त्या दिवशी कळलं की आपण मोकळे झालो, कागदावर मोकळे होऊन अडीच वर्षं झाल्यावर.

बाबूला शेवटी २०२१ मधे प्रमाणपत्र मिळालं. सिकलसेलचं नाही, खुब्याचं. एक्सरेमधे दिसतो ना तो. बोर्डाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, दोन मिनिटं बघितली आणि सही केली. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, ताई, हाड मेलं तेव्हा यांना पटलं.

पत्र लिहून होत आलं आणि आता बाहेर पाऊस सुरू झाला आहे. त्याला फोन करून पाणी पी आणि पायमोजे घाल म्हणून सांगते.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, नागपूर